सूर्याच्या कडेवरचे उद्रेक: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सूर्यावरून उसळणाऱ्या तप्त प्लाझ्माचं निरीक्षण घरच्या दुर्बिणीतून करता येतं का, यावर खान्देशातल्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र कुठेही आटोपता घेतलेला नाही.

प्रश्न (चाळीसगाव): माझ्या ८० मिमीच्या दुर्बिणीला पुढून सोलर फिल्म लावून सूर्य बघतो. डाग स्वच्छ दिसतात, पण कडेवरच्या ज्वाळा काही केल्या दिसत नाहीत. फिल्म खराब आहे का?

फिल्म अगदी ठीक आहे. डोळ्याने बघण्याची सोलर फिल्म सूर्याच्या प्रकाशाचा साधारण एक लाखावा भाग आत सोडते आणि सगळे रंग जवळपास सारखेच कापते. कडेवरच्या ज्वाळा, म्हणजे प्रॉमिनन्स, मुळात सूर्यबिंबाच्या मानाने फार मंद असतात. त्यांचा दृश्य प्रकाश मुख्यतः काही ठरावीक तरंगलांबींतच येतो आणि त्यातली सगळ्यात ठळक हायड्रोजनची लाल रेषा आहे ६५६.२८ नॅनोमीटरवर. तिलाच एच-अल्फा म्हणतात. फिल्म बाकीचे सगळे रंगही आत घेत असल्याने ही एक बारीक रेषा त्यांत बुडून जाते.

ज्वाळा हा शब्द रूढ असला तरी तिथे काही जळत नाही. प्रॉमिनन्स म्हणजे साधारण ७ ते १० हजार अंशांचा, भोवतालच्या मानाने थंड आणि दाट प्लाझ्मा. भोवतालचं प्रभामंडल दहा लाख अंशांच्या वर असतं. त्यात हा थंड प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राच्या कमानींवर टांगलेला राहतो, कधी कधी कित्येक आठवडे. तोच ढग आपल्या आणि बिंबाच्या मध्ये आला की एच-अल्फात काळसर धाग्यासारखा दिसतो, त्याला फिलामेंट म्हणतात. कडेवर उजळ आणि बिंबावर काळा, पण वस्तू एकच. हे एकदा लक्षात आलं की बघण्याची पद्धतच बदलते, कारण आज पूर्व कडेवर दिसलेला मोठा प्रॉमिनन्स पुढच्या दोन-तीन दिवसांत बिंबावर कुठे शोधायचा हे आधीच कळतं.

पांढऱ्या प्रकाशात उद्रेक दिसणं हा फारच दुर्मीळ योग. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना तो लाभला. त्या मागून आलेल्या चुंबकीय वादळाची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली आणि कमी अक्षांशावरची ती नोंद अभ्यासक आजही वापरतात.

प्रश्न (शिरपूर): रात्रीच्या तेजोमेघांच्या फोटोंसाठी माझ्याकडे ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर आहे. रेषा तीच, मग तो सूर्यासाठी चालेल ना?

नाही, अजिबात नाही. तो लावून दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जाईल. ७ नॅनोमीटर म्हणजे ७० अँगस्ट्रॉम. सूर्यासाठीचे एच-अल्फा फिल्टर ०.५ ते १ अँगस्ट्रॉम रुंदीचे असतात. तुमचा फिल्टर त्यांच्या मानाने ७० ते १४० पट जास्त प्रकाश आत घेतो आणि उष्णता अडवण्याची सोय त्यात नसते.

पुढे सोलर फिल्म आणि मागे हा फिल्टर अशी जोडी लावली तर डोळ्याला धोका नाही, पण प्रॉमिनन्सही दिसणार नाहीत. फिल्मने ते आधीच लाखपट मंद केलेले असतात आणि ७० अँगस्ट्रॉमच्या खिडकीतून बिंबाचा विखुरलेला प्रकाश त्यांच्यावर मात करतो.

याच निमित्ताने सांगायलाच हवं. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) मागून फिरवून बसवायची काळी 'सन' काच येते, ती फोडून टाका. ती बरोबर सूर्यप्रकाश एकवटतो त्या बिंदूजवळ बसते, तापते आणि तडकते, आणि डोळा काढायलाही वेळ मिळत नाही. १४ नंबरची वेल्डिंगची काच नुसत्या डोळ्यांनी बघायला चालते, दुर्बिणीला कधीच नाही. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांपैकी काहीही नको. निरीक्षण सुरू करण्याआधी शोधक दुर्बीण काढून ठेवा किंवा तिची दोन्ही टोकं झाका. शाळेच्या कार्यक्रमात मुलांचं लक्ष पहिल्यांदा त्या छोट्या नळीकडेच जातं. सूर्य पकडण्यासाठी नळीची जमिनीवरची सावली बघा. सावली सगळ्यात लहान आणि गोल झाली की सूर्य दृष्टिक्षेत्राच्या आसपास आलेला असतो.

प्रश्न (जळगाव, महाविद्यालयाचं विज्ञान मंडळ): उद्रेक बघण्यासाठी नेमकं काय घ्यावं? आमच्याकडे ७० मिमी, ५०० मिमी फोकल लांबीची साधी दुर्बीण आहे.

तीन वाटा आहेत आणि आमचा कल तिसरीकडे आहे. कारण पुढे येईलच.

पहिली वाट म्हणजे खास सूर्यासाठीच बनवलेली एच-अल्फा दुर्बीण. कोरोनाडो पीएसटी ४० मिमी व्यासाची, ४०० मिमी फोकल लांबीची आणि साधारण १ अँगस्ट्रॉमची आहे. लंटच्याही ४० ते ६० मिमीच्या दुर्बिणी मिळतात. यांच्या पोटात इटालॉन असतो: अगदी सपाट घासलेल्या दोन काचा, मध्ये अत्यंत बारीक अंतर. ते अंतर, कोन किंवा आतल्या हवेचा दाब किंचित बदलला की खिडकी रेषेवर पुढे-मागे सरकते. प्रॉमिनन्ससाठी १ अँगस्ट्रॉम पुरेसा होतो. बिंबावरचे फिलामेंट ठसठशीत हवे असतील तर ०.७ किंवा त्याहून कमी हवा. प्रतिमेचा व्यास मिलिमीटरमध्ये हवा असेल तर फोकल लांबीला १०९ ने भागा. ४०० मिमीला तो सुमारे ३.७ मिमी येतो. ब्लॉकिंग फिल्टरचं, म्हणजे इटालॉनमागून नको तो प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरचं, छिद्र याहून सैल हवं, नाहीतर बिंबाची कड कापली जाते.

सेकंडहँड पीएसटी घेताना एक तपासणी चुकवू नका. जुन्या नगांत ब्लॉकिंग फिल्टरमधली एक काच कालांतराने धुरकट होते. आयपीस काढून तिथल्या काचेवर तिरपा प्रकाश टाकून बघा. दुधी थर किंवा ठिपके दिसले तर ती बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. समोरच्या भिंगावरही गंजासारखा तांबूस थर येतो, तोही बघून घ्या.

दुसरी वाट म्हणजे डेस्टार क्वार्कसारखा आयपीसच्या जागी बसणारा फिल्टर. तो तुमच्या दुर्बिणीला लागतो. मात्र त्यात प्रतिमा चारपटीहून जास्त मोठी करणारं बार्लो भिंग असतं, त्यामुळे ५०० मिमीची दुर्बीण २,००० मिमीच्या पुढे जाते आणि पूर्ण सूर्य एका नजरेत बसत नाही. आयपीस २५ ते ३२ मिमीचा लागतो. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा देऊन काही मिनिटं तापू द्यावं लागतं आणि बटण फिरवलं की प्रत्येक वेळी पुन्हा थांबावं लागतं. खान्देशाच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. हा फिल्टर स्वतःला गरम करतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात ठेवलेल्या धातूच्या नळीत तो हव्या त्या तापमानावर स्थिर न होण्याची पाळी येते. सकाळी काम उरकणं आणि फिल्टरवर पांढऱ्या कापडाची सावली करणं, एवढाच त्यावर उपाय.

तिसरी वाट वर्णपटाची. फ्रान्सचे ख्रिस्तियान ब्युइल यांनी आराखडा खुला केलेला सोलएक्स हा थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारा स्पेक्ट्रोहेलिओग्राफ आहे. त्यात १० मायक्रॉन रुंद व ४.५ मिमी लांब फट, ८० मिमीचं समांतरक भिंग, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, मिलिमीटरला २,४०० रेषांची ग्रेटिंग आणि १२५ मिमीचं कॅमेऱ्याचं भिंग असतं. सूर्याची प्रतिमा फटीवरून सरकवायची, कॅमेऱ्याने एच-अल्फा रेषेचा व्हिडिओ घ्यायचा आणि सॉफ्टवेअरने एकेका फ्रेममधून एकेक पट्टी काढून पूर्ण बिंब जोडायचं. माउंट (दुर्बिणीला सूर्यामागे फिरवणारा स्टँड) बंद ठेवला तर सूर्य स्वतःच सरकतो आणि पूर्ण बिंब पार व्हायला २ मिनिटं ८ सेकंदांच्या आसपास लागतात. उद्रेक टिपायचा असेल तर माउंटची मोटर चारपट वेगाने फिरवून हा वेळ अर्ध्या मिनिटावर आणा.

तुमच्या ५०० मिमीच्या दुर्बिणीने प्रतिमा ४.६ मिमी होते, म्हणजे ४.५ मिमीच्या फटीत ती किंचित मावत नाही. ४०० ते ४५० मिमीची दुर्बीण मिळवा, किंवा फोकल रिड्यूसर वापरा, किंवा दोन फेऱ्यांत बिंब घेऊन जोडा. फटीवर उष्णता साठू नये म्हणून पुढे एनडी, म्हणजे सगळे रंग सारखेच मंद करणारा, फिल्टर लावा. फटीत धुळीचा एक कण बसला तरी चित्रभर आडवी रेघ उमटते. कपाशी वेचणीच्या दिवसांत तर हे ठरलेलंच, तेव्हा फट हवेच्या फुग्यानेच साफ करा, कापडाने घासू नका.

महाविद्यालयाला ही वाट आम्ही सुचवतो ती केवळ खर्चासाठी नाही. एका स्कॅनमधून रेषेचा मध्य, निळी बाजू आणि तांबडी बाजू अशी वेगवेगळी चित्रं काढता येतात, म्हणजे प्लाझ्मा आपल्याकडे येतोय की दूर जातोय हेही कळतं. आणि यात कोणीही आयपीसला डोळा लावत नाही.

प्रश्न (भुसावळ): गच्चीवर पीएसटी लावतो. सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलते, बारीक काहीच ठरत नाही. दुर्बिणीत दोष असेल का?

दोष गच्चीचा आहे. काँक्रीटचा स्लॅब उन्हं चढली की तापतो आणि त्यावरून उठणारी गरम हवा थेट नळीसमोरून जाते. पत्र्याच्या छपराची तर बातच सोडा. ४० मिमीची दुर्बीण एच-अल्फात सुमारे ४ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि ६० मिमीची सुमारे पावणेतीन विकला इतकं बारीक दाखवू शकते. १ विकला म्हणजे सूर्यावर सुमारे ७२५ किमी. तापलेल्या गच्चीवर हवाच याहून जास्त हलते, मग मोठी दुर्बीण आणली तरी पैसे वाया जातात.

पहिला इलाज वेळेचा. उन्हाळ्यात साडेसात ते साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ ते साडेदहा. त्याआधी सूर्य फार खाली असतो, त्यानंतर जमीन तापते. एप्रिल-मेमध्ये दहानंतर बारकावे दिसतील अशी आशा धरू नका.

दुसरा इलाज जागेचा. सकाळी आपण पूर्वेकडे बघतो, म्हणून पूर्वेला पाणी किंवा हिरवळ हवी. हतनूर धरणाच्या पाणसाठ्याचा पश्चिम काठ, तापीकाठची गवताळ जागा, किंवा केळीच्या बागेचा पश्चिम बांध. पाणी पाजलेल्या केळीवरची हवा उशिरापर्यंत थंड राहते आणि सूर्य वीस अंशांच्या वर आला की झाडं आडवी येत नाहीत. रावेर-यावलच्या वाचकांच्या दारात असलेली ही सोय मोठ्या शहरातल्या निरीक्षकाला मिळत नाही. तोरणमाळ सुमारे अकराशे मीटरवर आहे आणि तिथे धूळही कमी. मोठा सक्रिय प्रदेश कडेवर येणार असेल त्या दिवशी तिथवर जाणं सार्थकी लागतं.

गच्चीवरूनच बघायचं असेल तर स्टँडच्या भोवती तीन-चार मीटरपर्यंत आदल्या संध्याकाळी पाणी मारलेलं गोणपाट पसरा आणि सकाळी पुन्हा भिजवा. स्लॅबला चुना मारलेला असेल तर आणखी बरं. वॉटरप्रूफिंगचा काळा थर असेल तर सरळ खाली अंगणात या. डोक्यावर घ्यायचं कापड आतून काळं आणि बाहेरून पांढरं शिवून घ्या. नुसत्या काळ्या कापडाखाली दहा मिनिटांत घाम आयपीसवर उतरतो.

आता धूळ. अंगठ्याने सूर्य झाका आणि फक्त अंगठ्याच्या बाजूचं आकाश बघा. अंगठ्याच्या कडेपर्यंत निळं असेल तर प्रॉमिनन्स उठून दिसतील. भोवती पांढरं तेज पसरलं असेल तर त्या दिवशी बिंबावरचे फिलामेंट बघा, कडेवरचं मंद काही हाती लागणार नाही. पावसाने उघडीप दिल्यानंतरची सकाळ या कसोटीला सगळ्यात चांगली उतरते.

जळगावात २५ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या स्टँडवर त्याचा पाठलाग जवळजवळ अशक्य होतो. विषुववृत्तीय माउंट असेल तर अक्षाचा कोन जळगावला २१ अंश, धुळ्याला त्याहून जरा कमी, शहाद्याला साडेएकवीस ठेवा. दिवसा ध्रुवतारा नसतो, म्हणून उत्तर होकायंत्राने लावावी लागते. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वेगळी दुरुस्ती लागत नाही. मात्र होकायंत्र गच्चीवर टेकवू नका. स्लॅबमधल्या सळया सुईला पाच-दहा अंशांनीही फिरवू शकतात. खाली मोकळ्या जमिनीवर दिशा ठरवा आणि लांबच्या एखाद्या टॉवरची किंवा झाडाची खूण धरून वर या.

प्रश्न (अमळनेर): बिंबावर मोठा फिलामेंट स्पष्ट दिसत होता. दहा-पंधरा मिनिटांनी बघितलं तर गायब! फिल्टर बिघडला म्हणायचा का?

फिल्टर बिघडलेला नाही. बहुधा तुम्ही उद्रेकाची सुरुवातच पाहिली. फिलामेंट उसळून आपल्या दिशेने निघाला की डॉप्लर परिणामाने त्याची रेषा निळ्या बाजूला सरकते. खिडकी ०.७ अँगस्ट्रॉमची असेल तर मध्यापासून कडेपर्यंत ०.३५ अँगस्ट्रॉम. एवढं सरकायला सेकंदाला १६ किमी वेग पुरतो. १०० किमी वेगाला रेषा जवळपास २.२ अँगस्ट्रॉम सरकते. ढग तिथेच असतो, पण तुमच्या फिल्टरला तो दिसतच नाही. प्लाझ्मा तापून हायड्रोजन आयनित झाला तरी फिलामेंट असाच नाहीसा होतो.

म्हणून असं झालं की लगेच इटालॉनचं कडं निळ्या बाजूला हळूहळू फिरवा. कोणती बाजू निळी हे आधीच ठरवून कड्यावर खूण करून ठेवा. कोन बदलून जुळणाऱ्या इटालॉनमध्ये काच जास्त कलली की खिडकी निळीकडे जाते. फिलामेंट तिकडे पुन्हा काळा दिसू लागला तर तो आपल्याकडे येतोय. वेळ लिहा, खूण लिहा, आणि पुढचा अर्धा तास डोळा काढू नका. त्याच जागी दोन्ही बाजूंना उजळ फिती उमटून त्या एकमेकींपासून दूर सरकताना दिसू शकतात.

कडेवरचा उद्रेक आडवा, म्हणजे आपल्या नजरेच्या काटकोनात जात असेल तर रेषा फारशी सरकत नाही. त्यामुळे त्याच फिल्टरमध्ये तो बराच वेळ दिसत राहतो. नवशिक्यांनी कडेपासूनच सुरुवात करावी ती यासाठी.

प्रश्न (शहादा): मोबाइलने फोटो काढले तर नुसता लाल गोळा येतो. कॅमेरा कोणता घ्यावा आणि फोटो कसे घ्यावेत?

मोबाइलच्या रंगीत सेन्सरमध्ये चारातला एकच पिक्सेल लाल असतो. एच-अल्फात बाकीचे तीन जवळपास निकामी ठरतात आणि लाल मात्र ओसंडून वाहतो. तरी मोबाइलच वापरायचा असेल तर प्रो मोडमध्ये एक्स्पोजर हाताने कमी करा आणि नंतर फक्त लाल चॅनल काढून कृष्णधवल करा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

ग्रहांसाठी मिळणारा मोनोक्रोम कॅमेरा उत्तम. पिक्सेलचा आवाका काढायचं सूत्र असं: २०६ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लांबी मिमीमध्ये. २.४ मायक्रॉन आणि ४०० मिमीला तो १.२४ विकला येतो. सूर्याचा व्यास साधारण १,९२० विकला, म्हणजे १,५५० पिक्सेल. ३,०९६ × २,०८० पिक्सेलच्या सेन्सरवर पूर्ण सूर्य बसतो आणि कडेबाहेर उद्रेकाला जागाही उरते. पीएसटीच्या बाबतीत कॅमेरा सहसा फोकसला येत नाही. बार्लोचं पुढचं भिंग काढून कॅमेऱ्याच्या नळीला बसवलं की येतो, मात्र तेव्हा फोकल लांबी वाढते आणि सूर्य दोन तुकड्यांत घ्यावा लागतो.

शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या सॉफ्टवेअरमध्ये छोटी व्हिडिओ क्लिप घ्या. बिंबासाठी एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं ठेवा, हिस्टोग्राम ७० टक्क्यांच्या पुढे नको. प्रॉमिनन्ससाठी तेच तीन ते पाचपट वाढवा, बिंब जळून पांढरं झालं तरी चालेल. एका क्लिपमध्ये ५०० ते १,००० फ्रेम, पण क्लिप १५ सेकंदांच्या आत संपवा. शांत प्रॉमिनन्सला मिनिटभरही चालतं. उद्रेकात मात्र ३० सेकंदांतही आकार बदलतो आणि स्टॅक केलेलं, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक जोडून केलेलं, चित्र लिबलिबीत होतं. ऑटोस्टॅकर्टमध्ये वरच्या दहा-वीस टक्के फ्रेम स्टॅक करा, मग आयएमपीपीजीत धार द्या. धार देताना हात आखडताच ठेवा. कडेभोवती काळी रेघ दिसू लागली की तुम्ही सूर्याऐवजी सॉफ्टवेअरचं चित्र बघताय.

चित्रावर समांतर पट्ट्या दिसल्या तर त्या न्यूटनच्या कड्यांच्या जातीच्या असतात. एकाच तरंगलांबीचा प्रकाश सेन्सरच्या काचांमध्ये परावर्तित होऊन त्या उमटतात. कॅमेरा एक-दोन अंश कलवणारं टिल्ट अडॅप्टर लावलं की त्या जातात. उजेड एका बाजूला कमी-जास्त असेल तर भिंगासमोर दुधी प्लॅस्टिक धरून फ्लॅट फ्रेम घ्या.

उद्रेक सुरू झाल्यावर दर ३० सेकंदांनी किंवा मिनिटाने एक क्लिप, तेच एक्स्पोजर, तोच गेन. मध्येच एक्स्पोजर वाढवण्याचा मोह होतो, कारण वर गेलेला प्लाझ्मा मंद होत जातो. हवं असेल तर त्यासाठी वेगळी मालिका घ्या, पण पहिली मोडू नका. लॅपटॉप थर्मोकोलच्या खोक्यात सावलीत ठेवा. ४२-४४ अंशांत उघड्यावर ठेवलेला लॅपटॉप ऐन वेळी फ्रेम गाळू लागतो.

प्रश्न (धुळे): अशा फोटोंवरून उद्रेकाचा वेग खरंच काढता येतो का?

येतो, आणि त्यासाठी फोकल लांबी माहीत असायचीही गरज नाही. सूर्याचा व्यास १३,९२,००० किमी आहे. तो तुमच्या चित्रात किती पिक्सेल आहे ते मोजा. समजा १,५५० आले, तर १ पिक्सेल म्हणजे ८९८ किमी. पहिल्या चित्रात उद्रेकाचं टोक कडेपासून ४८ पिक्सेल वर आहे आणि १० मिनिटांनी १२१ पिक्सेल वर. फरक ७३ पिक्सेल, म्हणजे ६५,५०० किमी. भागिले ६०० सेकंद, वेग सेकंदाला सुमारे १०९ किमी. टोक ओळखण्यात तीन पिक्सेलची चूक धरली तर वेगात साडेचार किमी इकडेतिकडे.

दोन्ही वेळा तेच टोक मोजायचं आणि एक्स्पोजर सारखं हवं, नाहीतर मंद कड कधी दिसते कधी नाही आणि वेग खोटा येतो. हा वेग फक्त आडव्या दिशेचा आहे, खरा वेग याहून जास्तच असणार. सूर्याचा मुक्तिवेग सेकंदाला ६१८ किमी असला तरी १०९ किमीवाला उद्रेक परत पडेलच असं नाही. चुंबकीय क्षेत्र त्याला वर जाताना आणखी रेटत असतं. दर पाच मिनिटांचे वेग काढून आलेख मांडा. रेघ वर वळत असेल तर तो बाहेर पडण्याच्या मार्गावर आहे.

नोंदीत वेळ वैश्विक वेळेत लिहा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. लॅपटॉपचं घड्याळ आधी इंटरनेटशी जुळवून घ्या. चित्राची दिशा ठरवायला माउंटची मोटर बंद करा. सूर्याची जी कड क्षेत्रातून आधी बाहेर पडते ती पश्चिम.

पडताळ्यासाठी आपल्या जवळचंच ठिकाण आहे. उदयपूरच्या फतेहसागर तलावातली सौर वेधशाळा जगभरच्या सहा केंद्रांच्या गाँग जाळ्यात आहे आणि तिथली एच-अल्फा चित्रं सगळ्यांना बघता येतात. तुमच्या वेळेचं चित्र शोधून आकार ताडून बघा. पुढे सोहो यानाच्या लॅस्को सी-२ कॅमेऱ्यात, सूर्य झाकणाऱ्या चकतीच्या पलीकडे, तोच प्लाझ्मा सीएमई (प्रभामंडलातून बाहेर फेकला गेलेला मोठा लोट) म्हणून बाहेर येतो का ते पाहा. सेकंदाला ५०० किमीने गेला तर कडेपासून चकतीबाहेर यायला साधारण २३ मिनिटं. भारताचं आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून १५ लाख किमीवरून हेच बघतंय आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने बनवली आहे.

प्रश्न (पाचोरा): हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं वाचलं. तिथून इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी सूर्याच्या ज्वाळा पाहिल्या होत्या का?

पाहिल्या असतील तर त्या १८९८ मध्ये. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. प्रॉमिनन्सच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसताना त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तिथून स्वतंत्रपणे तेच साधलं. विजयदुर्गावर ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आले. त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवर वेगळा केला होता. किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही, फक्त साल नीट लिहायला हवं.

प्रश्न (नंदुरबार): सौरचक्राचा, म्हणजे सूर्याच्या क्रियाशीलतेच्या चढ-उताराचा, भर ओसरला म्हणतात. आता दुर्बीण घेण्यात अर्थ आहे का?

आहे. २५ व्या चक्राचा भर २०२४ मध्ये येऊन गेला, तरी उतरणीच्या वर्षांतही मोठे उद्रेक होतात. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले प्रचंड उद्रेक चक्राच्या भरानंतर दोनेक वर्षांनी झाले. शांत प्रॉमिनन्स तर किमान काळातही दिसतात.

प्रश्न (रावेर): जून ते सप्टेंबर ढगच ढग. तेव्हा काय करायचं?

तेव्हा रेडिओ. सौर उद्रेकाचे क्ष-किरण ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतात आणि दिवसाच्या बाजूला ६० ते ९० किमी उंचीचा आयनांबराचा थर एकदम दाट करतात. त्या थरावरून येणाऱ्या अतिकमी कंप्रतेच्या रेडिओ लहरींची ताकद बदलते आणि ढगांचा त्यात काही संबंध नसतो. तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथून १८.२ किलोहर्ट्झवर आणि ऑस्ट्रेलियातून १९.८ किलोहर्ट्झवर अशा लहरींवर संदेश प्रसारित होतात.

लाकडाची १ मीटर बाजूची चौकट करा. तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे ३० ते ५० वेढे घ्या, टोकं छोट्या प्रीॲम्प्लिफायरमार्फत संगणकाच्या माइक इनपुटला द्या. ४८ किलोहर्ट्झने नमुने घेणारं साधं साउंडकार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं, म्हणजे दोन्ही केंद्रं आवाक्यात येतात. चौकटीची पातळी केंद्राच्या दिशेला समांतर ठेवा. दर पाच सेकंदांनी ताकदीची नोंद करणारं सॉफ्टवेअर लावून दिवसभर चालू ठेवा.

खरा शत्रू गोंगाट. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइल चार्जर, आणि आपल्याकडे विशेषतः विहिरीवरच्या पंपाचं स्टार्टर पॅनल. शेतीपंपाची वीज आली की आलेखात एकदम पायरी पडते आणि नवशिका तिलाच उद्रेक समजतो. फरक असा ओळखा: पंपाची पायरी काटकोनी असते आणि वीज गेली की तशीच खाली येते. उद्रेकात ताकद काही मिनिटांत चढते, किंवा अंतर व वेळेप्रमाणे उतरतेही, आणि मग अर्ध्या तासापासून दोन तासांत हळूहळू पूर्ववत होते. चौकट घरापासून आणि पॅनलपासून २०-३० मीटर दूर बांधावर न्या. वीजपुरवठ्याचं वेळापत्रक वहीत शेजारीच लिहून ठेवा.

यंत्र चालतंय का हे पहिल्याच आठवड्यात कळतं. सूर्योदय आणि सूर्यास्ताला आलेखात ठरलेले खळगे पडायला हवेत. ते पडत नसतील तर तुम्ही केंद्र ऐकत नसून नुसता गोंगाट नोंदवताय. खळगे नियमित दिसू लागले की गोज उपग्रहांचा त्या दिवसाचा क्ष-किरणांचा आलेख उघडा आणि वेळा ताडा. क्ष-किरणांच्या ताकदीप्रमाणे उद्रेकांचे बी, सी, एम, एक्स असे चढते वर्ग असतात. सी वर्गाच्या वरच्या टोकाचे, तसंच एम आणि एक्स वर्गाचे उद्रेक पकडता येतात. बी वर्गाचे बहुतेक हाती लागत नाहीत. पाऊस उघडल्यावरही चौकट उतरवू नका. सकाळी दुर्बीण लावलेली असताना आलेख चढला, की त्याच क्षणी बिंबावर कोणता भाग उजळलाय ते शोधता येतं.